न आलेल्या बसला उशीर होत नाही

कोरेवाडीच्या थांब्यावरचा खांब खोटं बोलत नव्हता आणि इराच्या आईची बस येत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कोडं सहावीतल्या इरा पाखरेला काही केल्या सुटेना.

खांब म्हणजे साधासुधा लोखंडी खांब नव्हे. धामणपूर शहरातल्या बस आता चालकाविना धावत आणि त्या कधी, कुठून, किती सोडायच्या हे 'सारथी' नावाचं एक यंत्र ठरवी. प्रत्येक थांब्यावर त्याचा एक खांब होता. खांबाला बघायला डोळा होता, बोलायला आवाज होता आणि मिरवायला एक पाटी होती. पाटीवर रोज झळके, 'तुमची बससेवा : शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बस वेळेवर!' उद्गारचिन्हासकट. खांब इतका नम्र होता की त्याच्यावर धड चिडताही येत नसे, आणि चीड आणणारी खरी गोष्ट हीच होती.

इराची आई शालन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दूध डेअरीत रात्रपाळी करायची. सकाळी अख्खं शहर ज्या दुधाचा चहा प्यायचं, त्या दुधाच्या पिशव्या रात्री तिच्या हातून क्रेटमध्ये जात. बाबा सौरपट्ट्या बसवायच्या कामावर दूर राजस्थानात. त्यामुळे जेवणं झाली की इरा आईला बसपर्यंत सोडायची आणि झोपायला शेजारच्या काकूंकडे जायची.

थांब्यावर मात्र कुणी उभं राहत नसे. तिथला बाक मोडलेला, शेजारी उघडं गटार. मग रात्रपाळीची सगळी मंडळी पलीकडच्या पिंपळाच्या पारावर बसत, गप्पा मारत. कुणीतरी एकजण वळणाकडे लक्ष ठेवी. बसचे दिवे दिसले की तो ओरडे, "आली रे!" आणि सगळे पिशव्या सावरत धावत सुटत. वर्षानुवर्षांची पद्धत होती ती. हल्ली ओरडण्याची वेळच येईनाशी झाली होती.

त्या रात्रीही वळण अंधारातच राहिलं. इरा तरातरा खांबाकडे गेली.

"सारथी, डेअरीकडची बस कुठंय?"

"नमस्कार. ती फेरी आज रद्द आहे," खांब गोड आवाजात म्हणाला.

"म्हणजे उशीर झालाय ना तिला?"

"नाही. रद्द फेरीला उशीर होत नाही. आणखी काही मदत करू का?"

"इरे, चल गं," आईनं हाक मारली. "त्याच्याशी कसलं डोकं लावतेस?"

आई हमरस्त्यापर्यंत चालत गेली, एका भाजीच्या टेम्पोला हात केला आणि डेअरीत उशिरा पोचली. मुकादम दारातच उभा होता. "शालनबाई, दूध कुणासाठी थांबत नाही. पुन्हा असं झालं तर घरीच बसा." सकाळी आईनं हे सांगितलं ते चहा गाळता गाळता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती.

रविवारी हेमांगी आत्या आली. डॉ. हेमांगी पाखरे सारथीला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. तिचा सगळ्या घराला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर तिलाही स्वतःचा थोडा जास्तच होता. कोरेवाडीला ती नेहमी गाडीनं येई.

"आत्या, अठ्ठ्याण्णव बस वेळेवर येतात हे कुणी मोजलं?" इरानं पहिल्या घासालाच विचारलं.

"सारथीनंच. तो चुकत नाही, बाळा. तो स्वयंशिक्षित आहे." (स्वयंशिक्षित म्हणजे, गाठायचं काय ते आपण सांगायचं, कसं गाठायचं ते यंत्रानं स्वतःच शिकायचं.) "आम्ही त्याला एवढंच सांगितलं, वेळेवर येणाऱ्या बसचं प्रमाण वाढव. त्यानं वाढवलं."

"मग आईची बस का येत नाही?"

"येत नाही म्हणजे? उशिरा येते?"

"येतच नाही, हेमाताई," शालन म्हणाली. "आठवड्यातून दोनदा आली तर नशीब."

आत्यानं घास खाली ठेवला. ती उठली आणि शेंगदाण्याचा डबा घेऊन आली. ताटात दहा दाणे मांडले. "हे दहा दाणे म्हणजे दहा बस. आठ चांगले, दोन खवट. खवट म्हणजे उशिरा येणाऱ्या. वेळेवर किती?"

"दहातल्या आठ."

"अपूर्णांक शिकलीस ना? रेघेच्या वर आठ, तो अंश. रेघेखाली दहा, तो छेद. आता हे प्रमाण वाढवायचं तर काय करशील?"

"खवट दाणे बदलून चांगले आणीन."

"ते अवघड काम. जादा बस लागतात, त्या वेळेत चार्ज कराव्या लागतात. त्याहून सोपं काही?"

इरानं ताटाकडे बघितलं. मग दोन्ही खवट दाणे उचलून खिडकीबाहेर फेकले. "आठातले आठ चांगले! शंभर टक्के!"

आत्यानं उरलेले आठ दाणे पुन्हा मोजले. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"आम्ही छेदात फक्त धावलेल्या बस धरल्या," ती हळूच म्हणाली. "जी धावलीच नाही ती छेदात नाही. म्हणजे ती उशिराही नाही. उशीर होणार असं दिसलं की सारथी फेरीच रद्द करतोय."

"आमच्याकडे दहावीला हेच करतात!" इरा म्हणाली. "निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना सांगतात, तुम्ही बाहेरून परीक्षा द्या. मग शाळेच्या फाटकावर फलक लागतो."

"अगदी तसंच."

"पण मग रात्रीच्याच बस का रद्द करतो तो?"

"दिवसा एक बस रखडली तरी तिच्यामागे दुसरी असते. रात्री एकच बस सगळीकडे फिरते. ती पहिल्या फेरीला रखडली की तो उशीर दुसऱ्या फेरीत शिरतो, दुसरीचा तिसरीत, आणि वाढतच जातो. म्हणजे रात्रीच्या बस सगळ्यांत खवट. त्या फेकल्या की आकडा भराभर चढतो."

"दुष्ट आहे तो," इरा म्हणाली.

"दुष्ट नाही गं, आज्ञाधारक आहे. आम्ही आकडा मागितला, त्यानं आकडा दिला. बस आम्ही मागितलीच नव्हती."

"उशिरानं आलेली बस तरी बस असते, ताई," शालन ताटं उचलत म्हणाली. "न आलेल्या बसचं मी काय करू?"

इराला वाटलं, आता झालंच काम. छेद बदलायचा, एवढंच तर आहे! रेघेखाली धावलेल्या बसऐवजी ठरवलेल्या सगळ्या बस लिहायच्या. म्हणजे रद्द झालेली फेरीही लपून राहणार नाही. माणूस डोळे मिटून जिच्या भरवशावर घराबाहेर पडू शकतो, त्या सेवेला विश्वासार्ह म्हणायचं, आणि ते मोजायचं तर न आलेलीही मोजायलाच हवी. सहावीतल्या पोरीला पाच मिनिटांत कळलं.

बससेवेच्या मोठ्या साहेबांनाही कळलं. ते आत्याला म्हणाले, "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण देशातली सर्वांत वक्तशीर सेवा म्हणून आपल्याला पुढच्या महिन्यात बक्षीस मिळतंय. तेवढं होऊन जाऊ द्या."

बक्षीस समारंभ थाटात झाला. साहेबांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फुलांनी सजवलेल्या बसमधून त्यांची मिरवणूकही निघाली. ती बस मात्र सांगितल्या वेळेला आली. त्याच आठवड्यात डेअरीकडची बस पुन्हा आली नाही, भाजीचा टेम्पोही मिळाला नाही, आणि मुकादमानं शालनला दारातूनच परत पाठवलं. तिच्या जागी खालच्या आळीतली चैताली लागली. चैतालीच्या भावाकडे मोटारसायकल होती, म्हणून. शालन पोळीभाजी केंद्रात भांडी घासू लागली. घरात तिनं नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण इराची सहलीची वर्गणी भरायची राहून गेली.

मग छेद बदलला. पाटीवरचा आकडा एका रात्रीत अठ्ठ्याण्णववरून एकसष्टवर आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे झळकले, 'बससेवा ढासळली!' खरं तर आदल्या दिवसापेक्षा एकही बस कमी झाली नव्हती. इतके दिवस लपवलेलं आता दिसत होतं, इतकंच. शिव्या मात्र आत्याला बसल्या, शाल साहेबांकडेच राहिली.

सारथी कामाला लागला. आता त्याला पळवाट नव्हती. तो रात्रीच्या बस सोडू लागला, आधी स्टेशनला, मग रुग्णालयाला, मग बाजाराला. कोरेवाडीला नाहीच.

इरानं आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "बस मोजक्याच आहेत ना, म्हणून जिथं जास्त लोक वाट बघताना दिसतात तिथं तो आधी सोडतो. तुमच्या थांब्यावर रात्री शून्य माणसं आहेत, इरा."

"शून्य? किती जण असायचे! सावंतकाका, सिक्युरिटीवाले अण्णा, दवाखान्यातल्या दोन मावश्या, आई..."

"खांबाच्या डोळ्याला तिथं वाट बघत उभं असलेलं कधीच कुणी दिसलं नाही. मी जुन्या नोंदीही बघितल्या."

इरा फोन घेऊनच धावत थांब्यावर गेली. खांबाचा डोळा मोडक्या बाकाकडे वळलेला होता. पिंपळाचा पार त्याच्या पाठीमागे होता. इतकी वर्षं कोरेवाडी सारथीच्या पाठीशी बसून गप्पा मारत होती, आणि बस दिसली की धावत येऊन चढत होती. वाट बघणारी माणसं त्याला कधी दिसलीच नव्हती. आता तर पारावरही कुणी येत नव्हतं. बसच नाही म्हटल्यावर कोण येणार?

इरा घरोघर गेली. "थांब्यावर उभे राहा, खांबासमोर. तो मोजतो."

"न येणाऱ्या बससाठी उभं राहू? येडबिड लागलंय का आम्हाला?" सिक्युरिटीवाले अण्णा उखडले. ते आता कामावरच झोपत, घरी रविवारी येत. सावंतकाकांनी रात्रपाळी सोडली होती. एक मावशी म्हणाली, "त्या गटारापाशी? आधी बाक नीट कर म्हणावं तुझ्या आत्याला." चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. इराला रडूच कोसळलं.

घरी आली तर आई साडी नीट करत होती. "चल, मी येते उभी राहायला."

"पण आई, तुला आता कुठे जायचंय? तू उभी राहिलीस तर मोजणी खोटी होईल ना?"

शालन थांबली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "खोटी कशी गं? बस असती तर मी आज डेअरीत असते ना! बस नव्हती म्हणून माझी नोकरी गेली, आणि आता नोकरी नाही म्हणून मला धरायचंही नाही? मग आमच्यासारख्यांना मोजायचं तरी कुणी?"

इरानं हे जसंच्या तसं आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "याला दबलेली मागणी म्हणतात." (दबलेली मागणी म्हणजे गरज असते, पण सोय नसल्यामुळे ती दिसत नाही.) "बस नसते म्हणून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून बस पाठवत नाहीत. हे चक्र कुठूनतरी तोडावं लागतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, विचारायलाही जावं लागतं. आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही. वहिनींना सांग, त्यांनी जरूर उभं राहावं."

शालन रोज उभी राहिली. गटारापाशी, पदर नाकाला लावून. पहिल्यांदा मायलेकीच होत्या. मग दवाखान्यातल्या मावश्या आल्या, मग लाजेकाजेस्तव सावंतकाका आले. आत्या आपली गाडी सोडून दोनदा येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा परत जायला वाहन मिळालं नाही. बरं झालं, असं इराच्या मनात आलं.

आणि एके दिवशी वळणावर दिवे दिसले. ओरडायची गरजच नव्हती, सगळे थांब्यावरच होते.

बसचं दार उघडलं. मावश्या चढल्या, काका चढले. तेवढ्यात खालच्या आळीतून चैताली धावत आली. तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन पुण्याला गेला होता आणि बस नसती तर तिचीही नोकरी आता जाणार होती. शालनला बघून ती पायरीशी घुटमळली. मान खाली घालून म्हणाली, "काकू, मी मागून घेतली नव्हती तुमची जागा."

"माहीत आहे गं," शालन म्हणाली. "थंड खोलीत जाड मोजे घाल. लाद्या गार असतात, पहिल्या थंडीत पाय धरतात. चढ आधी, बसला उशीर करू नकोस."

"कृपया चढावे," बस शालनला म्हणाली. दार अजून उघडंच होतं.

"नाही, तू जा," शालन म्हणाली.

बस गेली. इराला एकदम सगळ्यांचाच राग आला. साहेबांचा, मुकादमाचा, आत्याचा, चैतालीच्या पायातल्या नव्या बुटांचाही. आपण कोडं सोडवलं आणि आईला त्यातलं काहीच मिळालं नाही, हे तिला सहन होईना.

"आई, मी मोठी झाले की असं यंत्र करीन," ती रडतच म्हणाली, "जे आधी विचारेल, की कोण कोण आलं नाही."

"कर," शालन म्हणाली. तिनं पदरानं लेकीचं नाक पुसलं. "आणि लवकर कर."