तुमचे वडील पुढे गेले

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझी मामेबहीण दीपाली हिच्या बाबतीत घडलेली. तिने मला ती एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की विषय बदलते.

डिसेंबर २००५. रविवार. मुरूड ते अलिबाग.

रात्र नव्हती. सगळं लख्ख उन्हात घडलं.

दीपाली पुण्याची, खडकीची. तिचे वडील म्हणजे माझे कचरूमामा. दारूगोळा कारखान्यात नोकरी, आणि उभा जन्म सायकलवर. मुलगी इंजिनिअर झाली, हिंजवडीला लागली. कंपनीने तिला अमेरिकेला पाठवलं, तेव्हा मामांनी अख्ख्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले होते.

ती तिकडे असतानाच मामा गेले. ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

त्याला वर्ष झालं आणि ऑफिसच्या लोकांनी किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल सहल काढली. सहा जण. दीपाली सगळ्यांत हळू. नांदगाव येईपर्यंत बाकीचे दिसेनासे झाले.

एका टपरीवर ती थांबली. काही मागायच्या आत टपरीवाल्याने चहा पुढे केला.

"साखर कमीच टाकलीय," तो म्हणाला. "तुमचे वडील सांगून गेले. पोरगी मागून येतेय म्हणाले."

काहीतरी घोटाळा झालाय, असं दीपालीला वाटलं. ते दिसायला कसे होते, तिने विचारलं. खाकी पँट, काळी सायकल, हँडलला डबा, असं त्याने सांगितलं.

"जाताना जयभीम म्हणाले."

तिने कप खाली ठेवला. मामा रोज असेच कामावर निघायचे, जयभीम म्हणून...

दुसऱ्या कुणाचे तरी वडील असतील, असं तिने स्वतःला बजावलं. पण त्या रस्त्यावर सकाळपासून त्यांच्या सहा सायकलींखेरीज दुसरी सायकल दिसली नव्हती.

काशीद मागे पडलं. कोर्लईला रस्त्याकडेला एक बाई मासळी वाळत घालत होती. तिने मान वर केली आणि हसली.

"चल चल... तुझा बापूस पुढं गेला."

या वेळी दीपालीला भीती वाटली नाही, असं ती म्हणते. तिने पायडल जोरात मारायला सुरुवात केली.

रेवदंड्याचा पूल ओलांडला. चौलच्या नारळी-सुपारीच्या वाड्या लागल्या. थंड सावली. आणि पुढच्या वळणापलीकडून आवाज आला...

खड... खड... खड...

मामांच्या सायकलचं चेनकव्हर सैल होतं. त्या आवाजावरून मामी चहाचं आधण ठेवायच्या.

वळण आलं. रस्ता रिकामा.

आवाज त्याच्या पुढच्या वळणावर गेला होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्या आवाजाशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नाहीये. पाखरं नाहीत. समुद्र नाही. स्वतःचा श्वाससुद्धा नाही...

नागावजवळ तिने बाकीच्यांना गाठलं आणि मागे टाकलं. तिच्या टीममधला अनिरुद्ध ओरडला, "काय गं, मोटर बसवून घेतलीस का?"

तिने बघितलंही नाही. अनिरुद्धने मला नंतर सांगितलं, ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. मध्येच हसत होती. त्याला ते बरं वाटलं नाही. तो तिच्या मागे निघाला.

अलिबाग. बाजार, एसटी स्टँड, मग किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्ल्या. ऊन कललं होतं. ओहोटी संपत आलेली. कुलाबा किल्ला बघायला गेलेली माणसं लगबगीने परतत होती.

एक घोडागाडीवाला तिच्या जवळ आला. "ताई, तुमचे वडील किल्ल्याकडे गेले. पाणी भरायला लागलंय. हाक मारा त्यांना."

ओल्या वाळूत सायकलच्या चाकांचा माग होता. सरळ किल्ल्याकडे गेलेला.

परतीचा माग नव्हता...

तिने सायकल आडवी टाकली आणि चालायला लागली. पाणी घोट्याला. पोटऱ्यांना. गुडघ्यांना. तो माग पाण्याखालीही दिसत होता. लाटांनी पुसला जात नव्हता.

मग घंटी वाजली. आणि हाक आली...

"दीपाली... लवकर ये..."

ती जागच्या जागी थिजली.

आवाज मामांचाच होता. पण मामांनी तिला कधी दीपाली म्हटलं नव्हतं. घरात ती छबू. आणि 'लवकर' हा शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मैदानावर तिला सायकल शिकवताना ते पुढे उभे राहून म्हणायचे, सावकाश ये छबू, मी आहे.

तिला पुढे जाववेना. मागेही फिरवेना. पाणी कमरेला लागलं, तेव्हा अनिरुद्धने तिचा दंड धरला आणि खेचलं.

त्याने हाक ऐकली नव्हती. पण तिला ओढताना समोरूनही कुणीतरी ओढतंय, असं त्याला वाटलं. हे त्याने तिला सांगितलं नाही. मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खडकीला तिने सगळं शालनमामींच्या कानावर घातलं. तो आपला बाबा नव्हताच, एवढंच तिला आईकडून ऐकायचं होतं.



"शेवटचे दोन दिवस त्यांनी छबू म्हटलंच नाही," मामी म्हणाल्या. "मलाही ओळखत नव्हते. एकच चालू होतं... दीपालीला सांगा, लवकर ये. तू तिकडे होतीस. तुला सांगून काय करणार होते मी?"

त्या वेळी हॉस्पिटलच्या खोलीत मामींशिवाय कुणी नव्हतं. मामींनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते मामा असतील, तर पोटच्या पोरीला पाण्यात का बोलवत होते?

आणि मामा नसतील... तर त्या खोलीतले शब्द कुणी ऐकले?



परवा दीपालीचा फोन आला. अलिबागला येतोस का, म्हणाली. मी विचारलं, पुन्हा सायकली का?



"सायकल नको," ती म्हणाली. "किल्ल्याकडे मी चालतच जाईन."

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण माझ्याशिवायही ती जाईल, हे मला माहीत आहे.