पाळकाचं बक्षीस

चर्चच्या सोडतीतली मोटारसायकल खुद्द पाळकांनाच लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर कोळशाने ‘चोर’ लिहिलेलं होतं.

“रविवारी मंडळीसमोर खुलासा करा, नाहीतर झगा उतरवा, असं वरून आलंय,” पाळक म्हणाले. “जन्मभराची अब्रू आहे हो, बाई.”

बाई म्हणजे शहरातली एकमेव खासगी गुप्तहेर. सोबत तिचे धाकटे दीर, अंगाने दणकट, डोक्याने सावकाश.

“तुम्ही तिकीट घेतलंतच कशाला?” दिरांनी विचारलं.

“पहिलं तिकीट पाळकाचं, ही प्रथाच आहे. सोडत आजारी मुलांच्या वॉर्डासाठी. मीच मागे राहिलो तर बाकीचे कसे घेतील?”

बाईने निघालेलं तिकीट बोटांत फिरवून दिरांना दिलं.

“कडक आहे की,” ते म्हणाले. “आणि डब्यातली बाकीची हाताळून पार मऊ पडलीत. हे नवं असेल, वहिनी.”

“सगळ्यात आधी विकलेलं नवं कसं असेल, भावजी?”

मंडळीचे खजिनदार तणतणतच भेटले. “मी बजावलं होतं. वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकून प्रभूचा अंगरखा कुणी घेतला? शिपायांनी. तरी यांनी देवाच्या घरात जुगार मांडला. झाली ना शोभा?”

“डबा कुठे होता?”

“सकाळभर कपड्यांच्या खोलीत. उघडाच.”

त्या खोलीत चर्चचे कपडे सांभाळणाऱ्या मावशी वेदीवरच्या कापडाला इस्त्री करत होत्या. कापडाला इतकी खळ होती की ते टेबलाच्या कडेला पत्र्यासारखं उभं राहत होतं.

“मी जन्मात तिकीट घेत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून दरवर्षी डोळे बांधून चिठ्ठी मलाच काढायला लावतात.”

“घरी कोण असतं?”

“कोणी नाही. नवरा होता. पत्ते, घोडे, आकडे. घर गेलं, मग तोही गेला.”

बाहेर पडताच दीर कुजबुजले, “खजिनदारच, वहिनी. सुंठीवाचून खोकला जातोय त्याचा.”

शनिवारी बाईने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

“खजिनदारांना डब्यात काहीही करता आलं असतं,” ती म्हणाली, “पण चिठ्ठी काढणारा हात त्यांचा नव्हता. डोळे बांधलेल्या माणसाला बोटंच तेवढी उरतात. सगळे कागद मऊ, एकच कडक. त्याला खळ लावून इस्त्री फिरवलेली. मावशी, ते तुम्हीच केलंत.”

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. “हो, मीच.”

“मी तुझं काय वाकडं केलं होतं?” पाळकांनी विचारलं.

“माझा नवरा जुगाराला भ्यायचा. याच देवळाच्या दारात तुम्ही त्याच्या हातात तिकीट कोंबलंत. पैसे नाहीत म्हणाला, तर तुम्ही भरलेत. देवाचं काम आहे, म्हणालात. त्याला घड्याळ लागलं, आणि तिथून जो सुटला तो थांबलाच नाही. त्याच्या मातीला मात्र तुम्ही जुगाराच्या पापावर प्रवचन झोडलंत. तेव्हापासून मी दात धरून होते.”



“उद्या खरं सांगा, म्हणजे सुटाल,” बाई पाळकांना हळूच म्हणाली.

“सांगाच,” मावशी म्हणाल्या. “मी काय केलं ते सांगा आणि का केलं तेही सांगा, त्याचं नाव घेऊन. नाहीतर चोर म्हणून चालते व्हा. मला दोन्ही चालेल.”

रविवारी बाक गच्च भरले होते. पाळक उभे राहिले. “मी चोर नाही,” एवढं म्हणाले आणि अडले.

पहिल्या बाकावरून मावशी म्हणाल्या, “पुढे.”