तळाची लाल पट्टी

डॉक्टरांनी फोनवर आढेवेढे घेतले नाहीत.

"आजींच्या पोटात सरबत नव्हतं, मॅडम. गाडीच्या इंजिनात घालतात ना, ते हिरवं कूलंट होतं. चवीला गोड लागतं. काल सुनेने आणलं त्यांना. आज पहाटे गेल्या."

इन्स्पेक्टर बाईंची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती, आणि गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. त्यांनी फोन ठेवला, तोवर गेलेल्या आजींची लेक समोर येऊन उभी राहिली होती. सोबत तिची वहिनी, म्हणजे आजींची सून.

"हिनेच मारलं माझ्या आईला," लेक म्हणाली. "हॉस्पिटलात पाऊल टाकताक्षणी म्हणाली, हिरवं पाणी प्यायल्यात. हिला कसं ठाऊक?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. चाळिशीची बाई, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ग्लास कोणी दिला?"

"मी."

"मुद्दाम?"

तिने नजर पायातल्या चपलांवर नेली.

"चुकून?"

"मीच दिला. तेवढंच लिहा."

जप्त केलेला ग्लास टेबलावर होता. बाईंनी तो उलटा केला. तळाला बोट लावलं, तर चिकट लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुनेला कोर्टापुढे उभं करायचं होतं, आणि लेकीची तक्रार सरळ खुनाची होती.

सुनेचा नवरा फोटोग्राफर होता. निर्जीव वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेडाचे खेळ करायचे आणि फोटो काढायचे, हा त्याचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. टेबलावर द्राक्षांचा घोस होता, दवाने भिजल्यासारखा टवटवीत. बाईंचा हात आपोआप पुढे गेला.

"खाऊ नका!" तो ओरडला. "ग्लिसरीन आहे त्यावर. आइस्क्रीम दिसतंय ते उकडलेले बटाटे. आणि तो मध म्हणजे इंजिन ऑइल."

"घरात माणसं राहतात, आणि हे सगळं असं उघड्यावर?"

"पट्टी असते ना." त्याने एक वाटी उलटी केली. तळाला लाल चिकटपट्टी. "लाल पट्टी म्हणजे तोंडाला लावायचं नाही. आईला मोतीबिंदू, तिला दिसायचं नाही. ती बोटाने तळ चाचपायची, मगच प्यायची. लग्न होऊन आल्यावर हिला आईनेच शिकवलं ते."

बोलताना त्याचा आवाज फाटला. बाई भिंतीवरच्या ताज्या फोटोकडे वळल्या.

वरून घेतलेला फोटो. पांढऱ्या कापडावर ग्लास, शेजारी अर्धं लिंबू. ग्लासातलं हिरवं पाणी पाचूसारखं पेटलेलं. कापडावर खिडकीच्या गजांच्या सावल्या, आखणीच्या वहीसारख्या सरळ.

"हाच तो ग्लास?"

"हो. काल सकाळी काढला. या टेबलावर."

"इथे तर खिडकीच नाही."

एवढ्या दुःखातही त्याच्या चेहऱ्यावर कारागिराची ऐट आली. त्याने गजांच्या आकारात कापलेला पुठ्ठा उभा केला आणि त्यामागे दिवा लावला. टेबलावर सावल्या पडल्या. पुठ्ठ्यापाशी त्या एकमेकींच्या जवळ होत्या. टेबलाच्या या टोकाला येईपर्यंत हातपंख्यासारख्या पसरल्या.

"मी ऊन विकत आणत नाही, मॅडम. घरीच बनवतो."

"फोटो काढल्यावर ग्लास कुठे गेला?"

"इथेच होता. मी फोनवर होतो. हिने कधी उचलला, देव जाणे."

कॅमेरा त्याच्या तीन पायांच्या स्टँडवर होता. त्यातल्या एका पायाला लाल पट्टीचा तुकडा चिकटलेला. आता काय स्टँडही खायचा नाही की काय, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या निघाल्या.

संध्याकाळी त्या पुन्हा सुनेसमोर बसल्या.

"ग्लासची पट्टी कोणी काढली?"

"मी."

"कुठे टाकली?"

पहिल्यांदाच ती गडबडली. "केरात."

"केर मी उपसून आले. नाही त्यात."

तिने डोळे मिटून घेतले. "मॅडम, हात जोडते. नका शोधू."

खुनी माणूस सुटायची धडपड करतो. ही बाई अडकायची धडपड करत होती. अशा माणसाला कसं वाचवायचं, हे बाईंना तीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. घरी जेवण गेलं नाही.

सकाळी ठाण्यात त्या चहा घेत बसल्या असताना खिडकीतून ऊन आलं. टेबलभर गजांच्या सावल्या पडल्या. बाईंनी कप बाजूला सरकवला. सावल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच अंतरावर होत्या. कुठेही पसरल्या नव्हत्या.

चहा तसाच राहिला.

अर्ध्या तासाने त्या फोटोग्राफरच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तो आणि त्याची बहीण दारात. खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलं होतं. बाईंनी ओट्यावर पांढरं कापड पसरलं आणि शेजारी तो फोटो ठेवला. सावल्या तंतोतंत जुळल्या.

"जवळच्या दिव्याच्या सावल्या पसरतात. उन्हाच्या पसरत नाहीत. काल तुम्हीच मला दाखवलंत. हा फोटो स्टुडिओत काढलेलाच नाही. आयुष्यभर खोट्या खिडक्या केल्यात, आणि परवा सकाळी तेवढी खरी वापरलीत."

तो फोटोकडे बघत राहिला.

"एरवी तुम्ही समोरून फोटो घेता, पट्टी तळाशी लपते. हा वरून घेतलाय. पाण्यातून लाल तळ दिसला असता. म्हणून पट्टी काढलीत, आणि परत लावायची म्हणून स्टँडच्या पायाला चिकटवलीत. ती अजून तिथेच आहे."

"दादा?" बहीण म्हणाली.

"मग फोन आला. कॅमेरा स्टँडसकट उचलून तुम्ही पुढच्या खोलीत गेलात. ग्लास इथेच राहिला. आजी पाणी प्यायला आल्या, बोटाने तळ चाचपला. मोकळा लागला. प्यायल्या. वहिनी बाजारातून आल्या तेव्हा आजी झोपल्या होत्या. त्यांना वाटलं, नेहमीची झोप. मग ओट्यावर रिकामा ग्लास, लिंबू, कापड दिसलं. त्यांनी आजींना हलवलं, त्या उठेनात. पायात सापडतील त्या चपला घालून त्यांना घेऊन पळाल्या."

फोटोग्राफर ओट्याला धरून खाली बसला.

"दोन मिनिटांचा फोन होता," तो म्हणाला. "दोनच मिनिटांचा."

"तुम्हाला कळलं कधी?"

"हॉस्पिटलात. ती हिरवं पाणी म्हणाली, तेव्हाच. मी बोलणारच होतो. तेवढ्यात माझी बहीण तिच्यावर तुटून पडली, आणि ती म्हणाली, मीच दिला." त्याने तोंडावर हात घेतला. "मग माझ्याने बोलवेना. एक तास गेला की पुढचा आणखी अवघड होतो, मॅडम."

बहिणीने भिंतीला डोकं टेकलं. तिच्या रागाला आता जायला जागा नव्हती.

फोटोग्राफरवर हलगर्जीपणाने मृत्यू, एवढंच कलम लागलं. दुपारी सुनेला सोडायचे कागद झाले. बाई स्वतः तिला कोठडीतून बाहेर, आपल्या टेबलापाशी घेऊन आल्या.

"माझ्या नवऱ्याला सांगितलंत?" तिने विचारलं.

"त्यांनीच सांगितलं."

तिला रडू कोसळलं. "तेवढंच नको होतं. विसरभोळा माणूस आहे, मॅडम. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. त्याला वाटत होतं ग्लास टेबलावरच होता. आपल्या हातून आई गेली हे कळलं, तर तो जगायचा नाही. म्हणून म्हटलं, माझ्यावर येऊ दे." तिने डोळे पुसले. "आज कळलं का त्याला? कसा आहे?"

बाईंच्या टेबलावर जबाबाचा कागद उघडा होता. त्यांनी त्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. तिने वाचलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"हॉस्पिटलातच कळलं होतं त्याला?"

"हो."

खोटं बोलायचं बाईंच्या मनात आलं होतं. जमलं नाही.

दारात नणंद येऊन उभी होती. डोळे सुजलेले. "वहिनी," ती म्हणाली, "चल, घरी चल."

"कोणाच्या?" सुनेने विचारलं.

ती वळली, आत गेली आणि दोन दिवस बसली होती त्याच बाकावर जाऊन बसली. दार उघडंच होतं. बाईंना तिला ऊठ म्हणवेना.