पिवळी पट्टी

रुग्णालयातल्या खाटांचा तक्ता भाऊंच्या हाती आला, तेव्हा सोबत आधीच्या कारकुनाचं टेबलही आलं. तो कारकून कधी गेला, हे कोणालाच नीट सांगता येईना. टेबलाच्या खणात सात जुने चष्मे होते. कोणाचे, तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

तक्ता एक्सेलमध्ये होता. पाच विभागांची पाच पानं, आणि त्यामागे त्या कारकुनाने लिहिलेला मॅक्रो, म्हणजे नावं आपोआप एका खाटेवरून दुसरीवर हलवणारा छोटासा प्रोग्राम. फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येई: मॅक्रो बंद ठेवले आहेत, पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तरच चालू करा. सिस्टर न वाचताच बटण दाबून मोकळ्या होत. भाऊ औषधाच्या खोक्यातला कागदही शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी ते बटण कधी दाबलं नाही. नावं हातानेच हलवत.

सोमवारी त्यांना पाचांमागे सहावं पान दिसलं. रुग्णालयात विभाग पाचच. पाचव्याच्या पुढे नुसती भिंत. पानावर एकच नाव होतं, नऊ नंबरच्या शिंपीकाकांचं.

भाऊ वर गेले. नऊवर घडी न मोडलेली चादर होती. कालच सिस्टर काकांशी ब्लाउजच्या बाह्यांवरून भांडत होती.

"नऊ?" सिस्टर म्हणाली. "ती तर महिनाभर रिकामीच आहे. भाऊ, नंबर तपासून घ्या तुमचा."

सकाळी बटण तिनेच दाबलं होतं. उशाशी काकांचा चष्मा पडला होता. भाऊंनी तो आणून खणात ठेवला.

संगणकवाल्याने मॅक्रो काढून टाकला, फाईल साध्या प्रकारात जतन केली आणि आता हिच्यात चालण्यासारखं काही उरलेलंच नाही, असं सांगून तो गेला. मंगळवारी भाऊंनी फाईल उघडली. पट्टी होतीच. पाचव्या विभागात कोणीतरी सवयीने बटण दाबलं होतं. सहाव्या पानावर दोन नावं होती.

तिसऱ्या विभागात चौदा नंबरला भाऊंची बायको होती, गुडघ्याच्या ऑपरेशनची. त्यांनी पाचही विभागांत जाऊन फाईलची प्रत पुसायला लावली, पुसताना उभे राहून पाहिलं. सिस्टर आपापसांत हसल्या, पण पुसली.

मग ते बायकोकडे गेले. तिने घरून चष्मा मागवला होता. त्याच्या निसटत्या काडीला भाऊंनी सकाळीच दोरा गुंडाळला होता.

"अहो, खिडकीजवळची खाट मिळाली वाटतं मला."

"कोण म्हणालं?"

"तुमचा तक्ताच म्हणतोय की."

ती खाट कधी रिकामी होते ते तिला बघता यावं, म्हणून भाऊंनीच रविवारी तिच्या मोबाईलवर फाईल पाठवली होती. मोबाईलवर मॅक्रो चालत नाहीत, असं संगणकवाला म्हणाला होता. म्हणून ती प्रत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"मघाशी पिवळं काहीतरी आलं. विश्वास आहे का, विचारत होतं. तुम्ही पाठवलेलं, मग मी म्हटलं हो."

चष्मा द्यायचा राहून गेला. भाऊ जिना उतरून टेबलाशी आले. सहाव्या पानावर तिसरं नाव तिचं होतं. त्यांनी ते उचलून चौदावर न्यायचा प्रयत्न केला. नाव हलेना. मॅक्रो चालू केल्याशिवाय बदल करता येणार नाही, असं आलं.

त्यांनी तिसऱ्या विभागात फोन लावला.

"चौदा? रिकामी आहे," सिस्टर म्हणाली. "कोणाला पाठवताय?"

पट्टी समोर होती.

विश्वास असेल तरच.

भाऊंनी बटण दाबलं.

थोड्या वेळाने त्यांनी चहा मागवला. टेबलावर ऊन आलं होतं. तक्त्याची पाचही पानं जागच्या जागी होती. खिशात काहीतरी टोचत होतं म्हणून त्यांनी ते काढून पाहिलं. बायकी चष्मा होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला. कोणी तरी मन लावून गुंडाळला होता.

भाऊंनी खण उघडला आणि तो बाकीच्या आठांशेजारी, काड्या मिटून, जपून ठेवला.