सोफ्यामागचे मुके स्पीकर

"मी माफी मागणार नाही," टिकली म्हणाली. "आणि ढब्बूही मागणार नाही."

काका कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचं नवं होम थिएटर येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मागचे दोन्ही स्पीकर मुके झाले होते. कालच ढब्बूचा चेंडू सोफ्यामागे गेला होता. झालं, चोर सापडला. स्पीकर बसवणाऱ्याने तर फोनवरच निकाल देऊन टाकला. "घरात पोरं आहेत ना? मग दुसरं काय असणार?"

"मी त्याला संध्याकाळी बोलावलंय," काका म्हणाले. "तोपर्यंत कबूल करा. नाहीतर उरलेली सुट्टी आपल्या घरी जाऊन काढा."

ते गेल्यावर ढब्बूचे डोळे भरून आले. "ताई, चेंडू नुसता घरंगळत गेला गं."

"माहितीये मला. रडू नकोस. रडलास की त्यांना वाटणार तूच केलंस. चल, शिर सोफ्यामागे."

काकांचा मुलगा बोक्या रिमोट धरून चुळबुळत होता. "बाबा ओरडतील हं."

"ओरडू देत. त्यांचा आवाज तरी सगळीकडून येतो."

एकेका स्पीकरमधून आळीपाळीने खरखर ऐकवणारं एक बटण बोक्याला ठाऊक होतं. त्याने ते दाबलं. पुढचे स्पीकर खरखरले. मागच्यांची पाळी आली तेव्हा सोफ्यावर बसलेल्या टिकलीला काहीच ऐकू आलं नाही.

"ताई, हा बोलतोय!" ढब्बू सोफ्यामागून ओरडला. "पण तोंड पार गादीत खुपसलंय त्याचं."

टिकली वाकून गालिचा बघू लागली. सोफ्याच्या पायांपुढे हातभर अंतरावर खोल खळगे उमटलेले होते.

"बोक्या, सोफा मागे कोणी सरकवला?"

बोक्याने आधी छताकडे पाहिलं. "बाबांनीच. पडदा लांबून बघायला मजा येते म्हणाले."

आता सगळं लख्ख झालं. बसवणाऱ्याने स्पीकर ठेवायचे स्टँड आणलेच नव्हते, हेही बोक्याने सांगून टाकलं. 'तात्पुरते' म्हणून स्पीकर सोफ्यामागे जमिनीवर ठेवून तो निघून गेला होता, आणि काकांनी न बघता सोफा त्यांच्यावर रेटला होता. आणि आळ कोणावर, तर ढब्बूवर. टिकलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिघांनी मिळून सोफा जुन्या खळग्यांवर ओढला. सोफ्याच्या दोन बाजूंना, थोडी मागे, दोन उंच स्टुलं ठेवली आणि त्यांवर स्पीकर चढवले, बरोबर कानाच्या उंचीला. टिकली डोळे मिटून मधोमध बसली. "डावा जरा मागे घे. अजून. हां, बस."

संध्याकाळी काका आणि बसवणारा आत आले.

"याला हात कोणी लावला?" बसवणारा गुरकावला.

"मी," टिकली म्हणाली. "आधी बसा, मग ओरडा."

पडद्यावर जंगल आलं. मागे कुठेतरी काटकी मोडली, मग पावलं वाजली. काका गर्रकन दाराकडे वळले. "कोण आलं?"

"तुमची माफी आली असेल, काका."

बसवणाऱ्याने स्पीकरखालच्या स्टुलांकडे पाहिलं. "स्टँड उद्या आणतो," तो पुटपुटला.

काकांनी ढब्बूला जवळ ओढलं. "चुकलो रे. न बघता तुझ्यावर आळ घेतला. आणि टिकले, तू मागे हटली नाहीस, हे बरं केलंस. मधली जागा आज ढब्बूची."

ढब्बू मांडीवर चेंडू घेऊन मधोमध बसला.