बस म्हणायची रीत

उस्मान मुकादमचे बहरीनमधले शेवटचे तीन शुक्रवार उरले होते आणि ते त्याने बायकोला सायकलवरून बेट दाखवण्यात घालवायचे ठरवले होते. एअरपोर्टच्या गोदामात सव्वीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस कायमचा घरी निघताना ब्लँकेटं बांधतो, अत्तराच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळतो. ह्याने दोन जुन्या सायकली आणल्या. नसीमा पन्नाशी उलटलेली, दापोलीच्या बाजूची, आयुष्यात पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आलेली. लहानपणी भावाची सायकल पळवून शिकली होती, त्यानंतर थेट आता. अरादच्या किल्ल्याभोवती दोन संध्याकाळी तिने हात बसवला, एकदा खजुरीच्या झाडावर जाऊन आदळली आणि मग कुणाचं ऐकेना.

"सव्वीस वर्षं फोनवर ऐकवलंत, इथे हे हाय नि तिथे ते हाय," ती म्हणाली. "आता डोळ्यांनी दाखवा."

पहिल्या शुक्रवारी मुहर्रकच्या जुन्या घरांच्या गल्ल्या झाल्या, दुसऱ्या शुक्रवारी मनामाचा सूक, म्हणजे बाजार. दोघं अगदी रमतगमत जात. नसीमाला प्रत्येक कोरीव दाराशी उतरायचं असे, आणि उस्मानला तिला उतरलेली बघत उभं राहायला आवडत असे. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण तो इकडे आल्यापासूनच्या सगळ्या सुट्ट्या मोजल्या तरी तीन वर्षंदेखील एका छपराखाली गेली नव्हती. आता ही बाई आपल्याला परत मिळाली आहे, एवढंच त्याच्या डोक्यात असे, आणि त्याची त्याला थोडी भीतीही वाटे.

तिसऱ्या शुक्रवारी उत्तर किनाऱ्याची गावं ठरली. खजुरीच्या बागा, त्यांच्या मातीच्या भिंती, भिंतींमधून जाणारी अरुंद वाट. गोदामात त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या उबेदने पहाटेच पिकअपमधून सायकली आणून समुद्रकाठच्या किल्ल्यापाशी उतरवल्या आणि पलीकडच्या गावातल्या रोटीच्या भट्टीवर वाट बघतो म्हणून तो पुढे गेला.

सूर्य उगवला होता, पण दिसत नव्हता. जानेवारीत कधीकधी समुद्रावरून धुकं येतं ते असं येतं की हाताचा पंजाही पाहुण्यासारखा वाटावा. पुढे उस्मान, मागे नसीमा. दर थोड्या वेळाने तिने घंटी वाजवायची असं ठरलं होतं. मागून ट्रिंग ऐकू आलं की त्याचा जीव जागेवर येई. हवेत ओल्या मातीचा वास होता. उस्मानला त्याचं जरा नवल वाटलं, कारण या बागांचे झरे कधीच आटले होते आणि आता झाडं टँकरच्या खारट पाण्यावर जगत होती.

एक निळा दरवाजा मागे पडला. थोड्या वेळाने तसाच एक आला. मग पुन्हा.

मागची घंटी थांबली. नसीमा सायकलवरून उतरली होती.

"मेहरीनचे अब्बा," लेकीच्या नावाने हाक मारत ती हळू आवाजात म्हणाली, "हा दरवाजा तिसऱ्यांदा आला."

"इथे सगळे दरवाजे निळेच असतात."

"त्या कडीला लाल चिंधी बांधलेली हाय. तिन्ही वेळा होती. चकवा लागलाय आपल्याला. खाली बसा गुमान. कुणी बोलावलं तर ओ देऊ नका, काय दिलं तर तोंडाला लावू नका."

"चकव्याला इथला व्हिसा कोण देणार?" उस्मान म्हणाला. पण हसू काही त्याला फुटलं नाही.

तेवढ्यात दरवाजा उघडला.

पांढऱ्याशुभ्र झग्यातला एक म्हातारा दारात उभा होता. त्याची पावलं घोट्यापर्यंत ओली होती. डाव्या हातात पितळी चोचीची कॉफीची किटली, उजव्या हातात बिनकानाची एक इवली पेली. त्या पेलीला इथे फिंजान म्हणतात. "तफद्दल," तो म्हणाला. या, बसा.

नसीमाने उस्मानची बाही ओढली. आपल्या मुलखाची रीत तिने सांगितलीच होती. पण या मुलखाची रीत म्हणते की दारात कॉफी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला नको म्हणायचं नाही. सव्वीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या दारातून तोंड फिरवून जायचं? उस्मानला ते जमलं नाही. तो आत गेला, आणि तो गेला म्हणून नसीमाही गेली.

आत धुकं नव्हतं.

आत पाणी होतं. बागेच्या मध्यावर दगडी काठाचा झरा तळातून नुसता उसळत होता, आणि त्याचं पाणी पाटापाटांनी प्रत्येक झाडाच्या पायाशी जात होतं. लिंबाची झाडं फुलली होती. खजुरींचे शेंडे एवढे उंच गेले होते की मान मागे टाकूनही पुरते दिसेनात. पाण्यात तांदळाएवढे मासे होते. उस्मानने ओंजळ भरून जिभेला लावली. पाणी गोड होतं, त्याच्या गावच्या विहिरीसारखं गोड. त्याला रडू आलं. इतकी वर्षं गोदामाच्या पत्र्याखाली काढली आणि त्याच बेटावर हे होतं, आणि ते बघायला आज नसीमा बरोबर होती. तो भ्यायला हवा होता, हे त्याला नंतर सुचलं. त्या वेळी तो फक्त दिपून गेला होता.

खजुरीच्या झापांच्या कुडापलीकडून दोन बायका आल्या आणि नसीमाला हाताला धरून, हसत, आत घेऊन गेल्या. बायकांची बैठक वेगळी असते, त्यात वावगं काही नव्हतं. ती जाताना वळून बघत होती, पण तीही हसत होती.

म्हाताऱ्याने ओतलं. वेलची, केशर. उस्मान प्याला. म्हाताऱ्याने पुन्हा ओतलं. तिसऱ्या पेलीनंतर उस्मानने इथल्या रिवाजाप्रमाणे मनगटातून फिंजान डावी-उजवीकडे दोनदा हलवलं आणि म्हाताऱ्याच्या हातात परत दिलं. म्हणजे बस झालं. जोवर पाहुणा पेली हलवून हातात परत देत नाही, तोवर यजमान ओतत राहतो. शब्दाने नको म्हटलेलं धरत नाहीत, तो नुसता संकोच समजतात.

म्हाताऱ्याने मान तुकवली, आणि पाण्याचा आवाज कमी झाला.

उस्मानला आधी भास वाटला. मग त्याच्या डोळ्यांदेखत पाटातलं पाणी बोटभर खाली गेलं. लिंबाची फुलं गळाली. मासे दिसेनासे झाले. म्हातारा जिथे उभा होता तिथे फक्त दोन ओली पावलं उरली आणि तीही सुकत चालली. पाहुण्याने बस म्हटलं होतं, आणि बाग उठून निघाली होती.

कुडापलीकडे मात्र अजून पाणी खळखळत होतं. बायका हसत होत्या. किटलीच्या चोचीतून कॉफी पडल्याचा बारीक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

नसीमा अजून पितच होती, हे उस्मानच्या ध्यानात आलं. सव्वीस वर्षं त्याने नसीमाला फोनवर काय काय सांगितलं होतं. उन्हाळा, पगार, मेसचं जेवण, कोण आजारी, कोण गेलं. पेली हलवायची असते, हे तेवढं सांगायचं राहिलं होतं. तिच्या गावी पुरे झालं की पेलीवर तळहात आडवा धरतात.

तो कुडाकडे धावला. झापं बाजूला केली तर मागे मातीची भिंत होती, वरपासून खालपर्यंत भेगाळलेली. आवाज भिंतीतून येत होता.

"नसीमा..."

"इथेच हाय मी..." तिचा आवाज लांबून, पाण्यावरून आल्यासारखा आला. "नको म्हणते, हात आडवा धरते... तरी ओततात हो. बऱ्या हायत बिचाऱ्या... रहा म्हणतात..."

"पेली हलव. नसीमा, ऐक माझं. मनगटातून हलव, डावीकडे-उजवीकडे."

"काय...?"

"हलव पेली. बस म्हणायची ती रीत आहे इथली. हलव."

ओतण्याचा आवाज थांबला. त्यानंतर किती वेळ गेला ते उस्मानला कधीच सांगता आलं नाही. त्याने भिंतीला कपाळ टेकलं होतं आणि भिंत गार होती.

मग बाहेर वाटेवर घंटी वाजली. ट्रिंग.

नसीमा सायकल धरून धुक्यात उभी होती. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. उस्मानने तिला धरलं, भर रस्त्यात, आणि सोडेना.

"पुरे," ती थकून म्हणाली. "दोनदा दिवस बुडला, दोन मगरिब पढले मी तिथे, तेव्हा कुठे तुम्ही हाक मारलीत."

भट्टीवर पोचले तर उबेद म्हणाला, लवकर आलात, अजून पहिली रोटीही निघाली नाही. भट्टीवाला गावातलाच, सत्तरीचा. बाग, निळा दरवाजा, कॉफी हे सगळं त्याने मोडक्या हिंदीत विचारून घेतलं. तो झरा आपण शाळेत असताना आटला, म्हणाला. त्या घरचे लोक पाहुण्याला तृप्त झाल्याशिवाय जाऊ देत नसत. मग तो नसीमाकडे वळला.

"फिंजान हलवलंस. मग परत कुणाच्या हातात दिलंस?"

नसीमाने आठवून बघितलं. "ह्यांनी एवढ्या जिवाच्या आकांताने हाक मारली... घाईत तशीच काठावर ठेवली."

भट्टीवाल्याने तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याने दोन गरम रोट्या कागदात बांधून दिल्या आणि आत निघून गेला.

पाच दिवसांनी दोघं घरी परतली. दापोलीजवळच्या त्यांच्या घरात आता सगळं ठीक आहे. नसीमा खाते, पिते, भांडते. फक्त रोज पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, झोपेत तिचा उजवा हात गोधडीतून वर येतो. अंगठा आणि दोन बोटं मिळून काहीतरी इवलं धरलेलं असतं. मनगट डावी-उजवीकडे दोनदा हलतं आणि हात खाली जातो. सकाळी तिला काही आठवत नसतं. उस्मानने तिला सांगितलेलंही नाही. तो पहाटे आपोआप जागा होतो, हात हलेपर्यंत बघत राहतो, आणि मग नमाजाला उठतो.

परवाच्या शुक्रवारी हात वर आला आणि हलला नाही. तसाच हवेत धरलेला राहिला. मग बोटं हळूहळू खाली झुकली, पेली भरत गेल्यावर झुकतात तशी.

उस्मानने तिचं मनगट धरलं आणि स्वतःच हलवलं. दोनदा. मग आणखी दोनदा. हलवताना त्याचा अंगठा तिच्या बोटांमधल्या पोकळीत गेला.

तो ओला झाला. कोमट होतं, आणि त्याला वेलचीचा वास येत होता.