रुग्णराखीव

हिंदुराव मिस्त्री पत्र्याच्या खोलीत शिरला आणि पडद्याकडं बघून जागीच थबकला. बॅटरीच्या आकड्यात भोपळा.

पाच दिवस कोयनेच्या डोंगरावर धुकं असं बसलं होतं, की उठायचं नाव नाही. छपरावरच्या सोळा सौर पाट्या नुसत्या भिजत होत्या. या वस्तीवर तारेची वीज कधी आलीच नव्हती. सगळं घर चालायचं भंगारात निघालेल्या, विजेवर पळणाऱ्या रुग्णवाहिकेच्या बॅटरीवर. मिस्त्रीनं ती एकेक खोका करून डोंगरावर चढवली होती. आणि घरात त्याच्या बायकोच्या, हौसाबाईच्या, नाकातली नळी जोडलेली होती प्राणवायूच्या यंत्राला. यंत्राची स्वतःची बॅटरी फक्त चाळीस मिनिटांची.

त्यानं कराडला फोन लावला. मुलाण्यांची रेहाना बॅटऱ्यांचीच इंजिनिअर.

"रेहाना, बॅटरी मेली गं!"

"आधी मीटर लावा, काका. व्होल्ट किती?"

"तीनशे चाळीस."

"मग मेली नाही. पाव भरलेली आहे, देत नाहीये. तिची मेंदूपेटी काढली नव्हती ना तुम्ही?"

"चालती गोष्ट मी कधी उचकटली नाही."

"तीच नडली. रुग्ण घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडू नये, म्हणून मेंदूपेटी शेवटचा पाव भाग कुलपात ठेवते. रुग्णराखीव म्हणतात त्याला. आजवर तुमची बॅटरी इतकी खाली गेली नाही, म्हणून कळलं नाही."

"मग उघड की कुलूप."

"इथून नाही उघडत. मला यायला दोन तास लागतील. स्ट्रेचर टाकून दिलं असेल?"

मिस्त्रीनं जन्मात साधा नट टाकला नव्हता. स्ट्रेचर माळ्यावर होतं, त्यावर हौसाबाईच्या कुरडया वाळत घातलेल्या. त्यानं ते ओढून खाली घेतलं. कुरडया सगळ्या खोलीभर झाल्या.

"अवो, काय पाडलं?" आतनं हौसाबाईचा आवाज आला, मधेच दम घेत. "माझ्या कुरडया असतील तर... याद राखा!"

"तू गप पड गं!"

त्याला घाम फुटला होता. डावा हात खांद्यापासून ठणकत होता. खोके चढवल्यापासनं हे असंच. तो क्षणभर भिंतीला टेकला.

"काका, एवढी धाप?"

"हात दुखतोय जरा. तू सांग, पुढं काय?"

"स्ट्रेचरची वायर मेंदूपेटीत घाला. काकूंना त्यावर झोपवा आणि मनगटाला नाडीपट्टा बांधा. पट्टा हृदयाचे ठोके वाचतो. ठोके आजारी असले तरच कुलूप उघडतं."

"मीच झोपतो की! तिला आणि यंत्राला कशाला हलवायचं?"

"चालणार नाही. ड्रायव्हर लोक स्ट्रेचरवर डुलक्या काढायचे, म्हणून हा नियम घातला. धडधाकट माणसाला नुसता हिरवा दिवा लागतो, वीज सुटत नाही."

यंत्राच्या बॅटरीची बावीस मिनिटं उरली होती. पण पट्ट्याची वायर उंदरांनी कुरतडली असेल तर? हौसाबाईला उचलून आणायची, आणि पट्टाच मेलेला निघायचा. मिस्त्रीनं फोन उशाशी ठेवला, स्वतः आडवा झाला आणि पट्टा आवळला.

"हिरवा दिवा तरी लागतोय का बघतो."

खट्ट.

डोक्यावरचा बल्ब लागला. आत यंत्राची घरघर वाढली.

"उघडलं गं पोरी! फसवली की तिला! मिस्त्री म्हणतात मला!"

मिस्त्रीनं फोन कानाशी ओढला.

"ऐकतीयेस ना?"

"काका, दिवा हिरवाय?"

मिस्त्रीनं मान वळवली. "लाल."

"कुठला हात दुखतोय?"

"डावा." आणि मग तो हळूच म्हणाला, "पोरी, तू म्हणालीस ते..."

"अजिबात उठू नका. पट्टा काढलात तर वीज जाईल, आणि वीस मिनिटांत काकूंचं यंत्रही थांबेल. मी पाटणहून डॉक्टर आणि गाडी पाठवते."

"किती वेळात?"

"काका, पडून राहा."

पडद्यावर अक्षरं उमटली होती. मिस्त्रीनं एकेक जोडून वाचली. रुग्ण गंभीर. रुग्णालय बेचाळीस मिनिटं.

"अवो, लाईट आली!" आतनं हौसाबाई खुशीत ओरडली. "आता या इकडं. बसा माझ्यापाशी."

"येतो," मिस्त्री छताकडं बघत म्हणाला. "तू हलू नको."

बेचाळीसचे एक्केचाळीस झाले. बॅटरी तिच्या हिशोबानं दवाखान्याच्या वाटेला लागली होती. घर धुक्यात होतं तिथंच होतं.